देणगी की दावा?

मुंबई महापालिकेच्या रुग्णालयात जन्मभर परिचारिका म्हणून राबलेली आत्या आणि देवरुखच्या कोर्टात वकिली करणारा तिचा भाचा, या दोघांत पैशांवरून मतभेद झाला. भाच्याचे वडील, म्हणजे आत्याचा थोरला भाऊ, आंबे उतरवताना स्वतःच्याच कलमावरून पडले. मणक्याला मार लागून ते कमरेखाली अधू झाले आणि तीन वर्षांनी वारले. आत्याच्या वाटणीची बाग आता विकली आहे. ते पैसे मज्जारज्जूला इजा झालेल्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेला द्यावेत, असं ती म्हणते. भाच्याला ते सरकारशी भांडण्यासाठी वापरायचे आहेत. हा वाद एका घरापुरता नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दीड कोटीहून अधिक माणसं मज्जारज्जूच्या इजेसह जगत आहेत. त्यांच्या पुढच्या आयुष्याचा भार कोणी उचलायचा, हा प्रश्न आपल्या सगळ्यांचा आहे. म्हणून त्या दोघांचं बोलणं इथे देत आहे.

भाचा: आत्या, पैसे तुझे आहेत, तू म्हणशील तिथे जातील. पण देणगी देऊ नकोस, असं मला मनापासून वाटतं. दान आलं की सरकार हात झटकतं. संस्था करतेय ना, मग आम्ही कशाला, असा हिशेब सुरू होतो. दिव्यांग हक्क कायदा २०१६ सालचा आहे. त्यात सामाजिक सुरक्षा आहे, सरकारी योजनांत ५ टक्के राखीव वाटा आहे, सुगम्य इमारती आणि वाहतूक आहे. हे सगळं लिहिलेलं असताना आपण पावत्या फाडत बसायचं? तेच पैसे लावून आपण उच्च न्यायालयात जाऊ.

आत्या: जाऊ की. पण मला एक सांग, दादा पडला त्या दिवशी तुझ्या कायद्यानं काय केलं असतं?

भाचा: १०८ची रुग्णवाहिका वेळेत आली असती.

आत्या: ती यायच्या आधीच चौघांनी त्याला उचलला. एकानं काखेत हात घातले, एकानं पाय धरले, मधे कंबर लोंबत होती. तसाच टेम्पोत घातला. त्या चौघांचा दोष नाही, जीव लावूनच धावले होते ते. पण मणका मोडलेल्या माणसाला ओंडक्यासारखा, डोकं, खांदे, कंबर एका रेषेत धरून वळवायचा आणि फळीवर घ्यायचा असतो, हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं. कोकणात दर हंगामात माणसं माडावरून, कलमांवरून पडतात. तरीही गावात हे कोणाला ठाऊक नसतं.

भाचा: म्हणजे आरोग्य खात्याचं अपयश. तू माझीच बाजू मांडतेयस.

आत्या: अपयश खात्याचंच. मी ते नाकारत नाही. पण खातं जागं होईपर्यंत गावात जाऊन फळी कशी धरायची हे कोण दाखवणार, असं विचारतेय. आणि तो तर पहिला तास झाला. माझा खरा मुद्दा त्यानंतरच्या वर्षांचा आहे. शस्त्रक्रिया झाली, रॉड आणि स्क्रू बसवले, हाड जुळलं. टाके काढले आणि घरी पाठवलं. वहिनीच्या हातात काय दिलं? गोळ्यांची चिठ्ठी आणि लघवीची पिशवी. हाड जुळतं, पण मज्जारज्जू तुटला की तो पुन्हा तसा वाढत नाही, हे तिला कोणी नीट समजावूनही सांगितलं नाही. ती वर्षभर वाट बघत राहिली, आज पाय हलतील, उद्या हलतील.

भाचा: आणि त्या वर्षात तिनं दागिने मोडले. कोणी तेल दिलं, कोणी स्टेम सेलची इंजेक्शनं सांगितली. मी तेव्हा बारावीत होतो. मला वाटायचं, पैसे कमी पडले म्हणून बाबा चालले नाहीत.

आत्या: अरे, तेच तर! भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्वच्छ लिहिलंय की, रक्ताच्या ठरावीक आजारांसारखे मान्य उपचार सोडले तर स्टेम सेल फक्त रीतसर चाचणीत वापरायच्या, आणि त्या चाचणीचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नाहीत. ही एवढी माहिती वहिनीपर्यंत कोणी आणून दिली असती तर? ते काम चांगली संस्था करते. खोटी आशा विकत नाही, आणि माणसाला निराश करूनही सोडत नाही. चालता येणार नाही, पण नोकरी करता येईल, संसार करता येईल, गाडी चालवता येईल, असं पहिल्याच महिन्यात सांगते.

भाचा: सांगायला काय जातं?

आत्या: सांगणारं कोण आहे, त्यावर सगळं आहे. मी पांढऱ्या कपड्यात उभी राहून सांगितलं तर पेशंट मान फिरवायचा. तेच खुर्चीवर बसून आलेल्या माणसानं सांगितलं की ऐकायचा. मुंबईतलं नीना फाउंडेशन घे. डॉ. केतना मेहता यांना १९९५ साली पॅराग्लायडिंगच्या अपघातात मज्जारज्जूची इजा झाली. त्यांनी स्वतः २००१ मध्ये ही संस्था काढली, आणि याच इजेच्या लोकांसाठी काढली. कोल्हापूरच्या नसीमादीदी हुरजूक ऐन तारुण्यात कमरेखाली अधू झाल्या. नोकरी केली आणि १९८४ मध्ये हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड उभी केली. वेल्लोरच्या डॉ. मेरी वर्गीस यांचा अपघात १९५४ चा. त्यानंतर त्यांनी खुर्चीवर बसून कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या, आणि १९६६ मध्ये तिथे पुनर्वसन केंद्र सुरू झालं ते त्यांच्या पुढाकारानं. तू याला दान म्हणतोस. मला यात देणारा वर आणि घेणारा खाली असं काही दिसत नाही. ज्याला झालंय तोच दुसऱ्याला शिकवतोय.

भाचा: ही मोठी माणसं आहेत, आत्या. मी तालुक्यात काय बघतो ते सांगू? मंडप, बॅनर, पाहुणे. पन्नास व्हीलचेअर ओळीनं मांडलेल्या, सगळ्या एकाच मापाच्या. फोटो काढतात आणि जातात. एका अशिलाच्या घरी ती खुर्ची पडवीत गंजत पडलीय. उंबरठा ओलांडत नाही, अंगणातल्या चिऱ्यांवरून फिरत नाही, न्हाणीच्या दारातून आत जात नाही. यालाच समाजसेवा म्हणायचं?

आत्या: नाही म्हणायचं. आणि गंजत पडली म्हणून तो वाचला, वापरली असती तर आणखी वाईट झालं असतं. सीट रुंद असली की माणूस एका अंगावर कलतो. खाली कडक रेक्झिन असतं. चार तास तसाच बसला की बैठकीच्या हाडावरची कातडी मरते. त्याला दुखत नाही, कारण संवेदनाच नसते. संध्याकाळी बायकोला लाल चट्टा दिसतो, आठवड्यात खड्डा पडतो, महिन्यात हाड उघडं. खुर्चीइतकीच तिच्यावरची उशी महत्त्वाची, पण उशीचा फोटो छान येत नाही.

भाचा: बाबांना माकडहाडावर झालं होतं.

आत्या: हो. दादा त्या जखमेनं गेला, पडल्यामुळे नाही गेला. पडण्यातून तो वाचला होता. झोपलेल्याला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, बसलेल्यानं दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन बूड उचलायचं, सकाळ-संध्याकाळ आरशात कातडी बघायची. एवढ्यावर माणूस चाळीस वर्षं जगतो. औषध लागत नाही, यंत्र लागत नाही. फक्त कोणीतरी घरी येऊन हे शिकवावं लागतं, महिन्यानं पुन्हा येऊन बघावं लागतं, आणि बाई थकली असेल तर तिला एक रात्र झोपू द्यावं लागतं.

भाचा: मग हे शिकवणं जिल्हा रुग्णालयाचं काम आहे. तू संस्थांची उदाहरणं देतेस, मी तुला सरकारचं देतो. या सगळ्या उपचारांचा पाया घातला तो डॉ. लुडविग गुटमन यांनी. नाझींपासून जीव वाचवून ते इंग्लंडला आले. स्टोक मँडव्हिलमधला त्यांचा विभाग १९४४ च्या फेब्रुवारीत सुरू केला तो ब्रिटिश सरकारनं, युद्धातल्या जखमींसाठी. त्याआधीच्या महायुद्धात मज्जारज्जूची इजा झालेले बहुतेक सैनिक दोन-तीन वर्षांत दगावले होते. गुटमन यांनी हेच केलं, कूस बदला, मूत्राशय जपा, माणसाला कामाला लावा. पैसा सरकारचा होता, म्हणून जमलं. वर्गणी काढून जमलं नसतं.

आत्या: पैसा सरकारचा, हट्ट त्यांचा. रात्री तेच वॉर्डात फिरून कूस बदललीय की नाही बघायचे. १९४८ मध्ये लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनादिवशीच त्यांनी सोळा जणांची धनुर्विद्येची स्पर्धा भरवली. त्यातून पॅरालिंपिक उभं राहिलं. कुठल्या शासकीय आदेशात ते लिहिलं होतं?

भाचा: आपल्याकडचं बघ. खडकीचं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर, १९७४ पासून चालू. तिथला जवान खुर्चीवरून बास्केटबॉल खेळतो, मानेखाली अधू झालेला तोंडात कुंचला धरून चित्रं काढतो. का जमतं? त्याला पेन्शन आहे, उपचार आहेत, मागे अख्खं सैन्य उभं आहे. त्याच इजेचा देवरुखचा मजूर घरात कुजतो. मणका दोघांचा सारखाच मोडला. फरक एवढाच की एकाला हक्क मिळाला आणि दुसऱ्याला दया.

आत्या: खरं बोललास. पण खडकीचं केंद्र हासुद्धा धर्मादाय ट्रस्टच आहे, हे विसरू नकोस. आणि आपला सांगलीकडचा मुरलीकांत पेटकर! १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अधू झाला, १९७२ मध्ये हायडेलबर्गला पन्नास मीटर पोहण्यात सुवर्णपदक आणलं. त्याला परदेशी पाठवायला क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या संस्थेनं मदत केली. हक्काला हात लागतात रे, आणि ते हात बऱ्याचदा संस्थेचे असतात.

भाचा: मी हात नको म्हणत नाही. हातांनी हक्काची जागा घेऊ नये, एवढंच म्हणतो.

आत्या: बरं, मग हक्काचंच बोलू. तू वकील आहेस. दादा कोणावर दावा लावणार होता?

भाचा: …गाडीनं उडवलं असतं तर मोटार अपघात न्यायाधिकरण होतं. इमारतीच्या कामावरून पडले असते तर भरपाईचा १९२३ चा कायदा होता. स्वतःच्या कलमावरून पडलेल्याला प्रतिवादी नसतो. म्हणून तर म्हणतो, त्याची जबाबदारी राज्याची. आणि थोडंफार आहेसुद्धा. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. न्हाणीचं दार रुंद करणं, उतार बांधणं, कमोड बसवणं, हे त्यातून व्हायला पाहिजे. किती गावांत लोक तो मागतात? निधी वर्षअखेरीस कुठेतरी वळवला जातो.

आत्या: कोणी मागायचा? अर्ज घेऊन कोण जाणार? आधी सिव्हिलचा दाखला, मग दिव्यांगांचं युडीआयडी कार्ड, मग ग्रामसेवक, मग पंचायत समिती. प्रत्येक ठिकाणी लाकडी बाकावर तीन-तीन तास बसायचं. बाकावर बसून कातडी गेली की पुढचे सहा महिने पालथं झोपायचं. लघवीचं काय? कचेरीत बाथरूम पहिल्या मजल्यावर. मग तो माणूस आदल्या रात्रीपासून पाणीच पीत नाही, आणि पाणी तोडलं की मूत्रपिंडांवर येतं. तुझा हक्क कचेरीत आहे, आणि कचेरीपर्यंत जायला शरीर टिकावं लागतं. ते शरीर टिकवायचं काम मी ज्या संस्थेला पैसे देईन ती करेल.

भाचा: हे तू आधी का नाही सांगितलंस? लघवीचं मला खरंच कळत नव्हतं. बाबा प्रवासाला नाही म्हणायचे तेव्हा मला वाटायचं, लाजतात.

आत्या: लाजही होतीच. पिशवी लावून लोकांत बसायला कोणाला आवडेल? पण त्यालाही उपाय आहे. कायमची नळी ठेवायची नाही. दर चार ते सहा तासांनी माणसानं स्वतः स्वच्छ नळी घालायची, मूत्राशय रिकामं करायचं आणि नळी काढून टाकायची. मिशिगनच्या डॉ. जॅक लॅपिडीस यांनी १९७२ मध्ये दाखवून दिलं की, त्यासाठी ऑपरेशन थिएटरसारखं निर्जंतुक काही लागत नाही, धुतलेले हात आणि स्वच्छ नळी पुरते. आपल्या पडवीतही करता येतं. ज्याला हे शिकवलं तो एसटीनं मुंबईला जाऊ शकतो. बायकांना तर हे कोणी सांगतच नाही. अधू झालेल्या बाईला पाळी येते, मूल होऊ शकतं, हे तिच्या सासरच्यांना सोड, कित्येकदा तिलाही माहीत नसतं. ती कोणाला विचारणार? तुझ्या न्यायाधीशाला?

भाचा: नाही. खुर्चीवरच्या दुसऱ्या बाईलाच विचारेल. इथे मी माघार घेतो. पण आश्रमाला माझा विरोध राहील. संस्थेकडे पैसे आले की ती आधी इमारत बांधते. चार भिंतींत शंभर खाटा, वर देणगीदारांची नावं. भारतानं २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्क करार मान्य केला. त्यात स्पष्ट आहे की, माणसाला आपल्या गावात, आपल्या माणसांत राहता आलं पाहिजे. त्याला उचलून डोंगरापलीकडे ठेवणं म्हणजे गावाची सोय झाली.

आत्या: कराराचं बरोबर. पण सगळ्यांना आपली माणसं असतात का? मानेतून इजा झालेला तरुण, हातही चालत नाहीत, आईबाप म्हातारे. आई गेल्यावर त्याची कूस कोण बदलणार, करार? कोल्हापूरच्या संस्थेनं उचगावला घरौंदा वसतिगृह बांधलं, ते कोणाला लपवायला नाही. तिथे राहून मुलं शिकली, नोकरीला लागली. सिंधुदुर्गात स्वप्ननगरीत काजू प्रक्रियेचं काम सुरू केलं. खाटा वाईट नसतात. तिथून बाहेर पडायचा रस्ता ठेवलाय की नाही, ते बघायचं.

भाचा: ते मोजायचं कसं? कारण मला भीती वाटते ती याच गोष्टीची. संस्था अहवालात लिहिते, इतक्या खुर्च्या वाटल्या, इतकी शिबिरं घेतली.

आत्या: मी मोजीन तसं मोजायचं. घरी गेल्याला वर्ष झालं, कातडी शाबूत आहे का? मूत्रपिंडं ठीक आहेत का? महिन्यातून किती वेळा उंबऱ्याबाहेर पडतो? कमावतो का? आणि आता तो दुसऱ्या कोणाला शिकवायला जातो का? यांची उत्तरं जी संस्था ठेवते तिला पैसे द्यायचे.

भाचा: त्यात माझी भर घाल. तिच्या कारभारात, पैशांचा निर्णय होतो तिथे, खुर्चीवरची माणसं बसली पाहिजेत. भाषण करायला बोलावलेली नकोत, सही करणारी हवीत. आणि ज्या ज्या घरात तिचा माणूस जाईल तिथे कार्ड, निराधार अनुदान, पंचायतीचा निधी, सगळ्यांचे अर्ज झाले पाहिजेत. जिथे नाकारतील तिथली कागदपत्रं माझ्याकडे यावीत. रत्नागिरी जिल्ह्यातले ते अर्ज मी फी न घेता लढवीन. संस्थेनं दहा घरांत न्हाणीचं दार स्वतःच्या पैशांनी रुंद केलं तर दहाच दारं रुंद होतात. पंचायतीला करायला लावलं तर अकराव्या घराला संस्थेची वाट बघावी लागत नाही.

आत्या: हे मला पटलं. पण दहापैकी एकाचं दार अडून बसलं, पावसाळा तोंडावर आला, तर निकालाची वाट बघायची नाही. आधी भिंत फोडायची, मग बिल पंचायतीकडे पाठवायचं.

भाचा: चालेल, पावती ठेवा म्हणजे झालं. पण आत्या, एक मतभेद उरतोच. हे पैसे पाच वर्षांसाठी द्यावेत असं मला वाटतं. त्या काळात जिल्हा रुग्णालयात मज्जारज्जूचा स्वतंत्र विभाग उभा राहावा म्हणून भांडू. तो उभा राहिला की संस्थेची गरज संपली पाहिजे. ज्या संस्थेला आपली गरज कधीच संपू नये असं वाटतं, तिच्यावर माझा विश्वास नाही.

आत्या: विभाग झाला तर मी पेढे वाटीन. पण गरज संपणार नाही. सरकार खाट देईल, उशी देईल, नळ्या देईल, द्यायलाच हव्यात. पण हॉस्पिटलातून घरी आलेला माणूस भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो, तेव्हा त्याच्या खाटेशी येऊन ‘मी पण असाच पडलो होतो’ असं सांगणारा कुठल्या पदावर भरती करणार? तो माणूस गावोगाव हिंडला पाहिजे. माझ्या पैशांतला मोठा वाटा त्याच्या हिंडण्याला जाईल, त्याच्या पगाराला, सोबत्याला, मुक्कामाला. त्याला पाच वर्षांची मुदत मी घालणार नाही.

भाचा: आणि तो हिंडणार कसा? आपल्या एसटीच्या तीन उंच पायऱ्या चढून? स्टेशनातल्या जिन्यावरून? राजीव रतुरी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४ मध्ये बजावलंय की, सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीसारखे चालणार नाहीत, बंधनकारक नियम करा. देवरुखच्या स्थानकापासून सुरुवात करतो. तू त्याच्या तिकिटाचे पैसे दे, त्याला गाडीत चढता येईल एवढं मी बघतो.